लेन हटसन आणि अमेरिकन डिफेन्समनचा एनएचएलपर्यंतचा रस्ता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बॉस्टनला राहतो आणि आइस हॉकी खेळणारा लेन हटसन इथे बॉस्टन युनिव्हर्सिटीत होता तेव्हापासून त्याच्या मागे आहे, त्यामुळे २०२५ मध्ये त्याला काल्डर ट्रॉफी मिळाल्यावर मित्रमंडळींचे आणि घरच्यांचे प्रश्न सुरू झाले ते अजून चालूच आहेत. प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा सगळं एकदा लिहून टाकतोय.

हा लेन हटसन कोण?

मॉन्ट्रियल कॅनेडियन्सचा डिफेन्समन, जर्सी नंबर ४८. जन्म १४ फेब्रुवारी २००४, मिशिगन राज्यातल्या हॉलंड नावाच्या गावात, पण वाढला शिकागोच्या बाहेर नॉर्थ बॅरिंग्टनमध्ये. २०२४-२५ हा त्याचा एनएचएलमधला, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या आइस हॉकी लीगमधला, पहिला पूर्ण सीझन, त्यात ८२ पैकी ८२ मॅच खेळला आणि ६६ पॉइंट्स केले, ६ गोल आणि ६० असिस्ट (दुसऱ्याच्या गोलला दिलेला पास, गोल आणि असिस्ट मिळून पॉइंट्स). वर्षातल्या सगळ्यात चांगल्या नवख्याला काल्डर ट्रॉफी देतात, ती त्याने घेतली.

डिफेन्समन म्हणजे गोलकीपर का?

नाही नाही, हा गोंधळ सगळ्यांचाच होतो. बर्फावर एका बाजूचे सहा जण असतात, एक गोली म्हणजे गोलकीपर, तीन फॉरवर्ड आणि दोन डिफेन्समन. मॅचसाठी साधारण सहा डिफेन्समन तयार असतात आणि जोडीजोडीने येत-जात राहतात, पाऊण मिनिट जीव तोडून स्केटिंग करायचं आणि बाहेर येऊन बसायचं.

काम काय, तर समोरच्याला आपल्या गोलजवळ मोकळी जागा द्यायची नाही, कोपऱ्यात गेलेला पक (खेळायची रबराची चकती) आधी गाठायचा, आणि तो पक आपल्या झोनमधून नीट बाहेर काढायचा. हे तिसरं काम लोकांना दिसत नाही पण आजच्या हॉकीत सगळा खेळ तिथून सुरू होतो. पाठ समोरच्या टीमकडे, मागून शंभर किलोचा माणूस अंगावर येतोय, आणि अर्ध्या सेकंदात ठरवायचं की डावीकडे वळायचं, उजवीकडे की भिंतीवरून मारायचा. हटसन इथे जे करतो ते खो-खो बघितलेल्या माणसाला लगेच कळेल, तो हुलकावणी देतो. खांदा एकीकडे, मान दुसरीकडे, पाय तिसरीकडे, आणि पाठलाग करणारा सरळ काचेवर जाऊन आदळतो.

त्याच्या उंचीबद्दल एवढं का बोलतात?

कारण डिफेन्समन म्हटलं की सहा फूट दोन-तीन इंच आणि धिप्पाड असंच चित्र स्काउट, म्हणजे क्लबसाठी खेळाडू हेरणाऱ्या, लोकांच्या डोक्यात वर्षानुवर्षं होतं. हटसन ड्राफ्टच्या वेळी (क्लब नवी मुलं निवडतात तो कार्यक्रम, पुढे सांगतो) पाच फूट आठ इंचांच्या आसपास होता, आणि आज त्याची नोंद पाच फूट नऊ इंच अशी आहे. वजनही बेताचंच.

ड्राफ्टच्या आधी सगळे क्लब मुलांच्या मुलाखती घेतात, शरीराची मापं घेतात, तिथे तो चक्क डॉक्टरची चिठ्ठी घेऊन गेला होता, की या मुलाची वाढ अजून पूर्ण झालेली नाही, उंची वाढू शकते. मला ही गोष्ट ऐकून हसू येत नाही, वाईट वाटतं. अठरा वर्षांचा पोरगा, त्याच्या वयात त्याच्यासारखा पक हाताळणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि त्याला कागद दाखवून सांगावं लागतंय की थांबा, मी अजून वाढतोय.

अमेरिकेत मुलं हे सुरू कुठून करतात?

चार-पाच वर्षांचं पोर आधी नुसतं उभं राहायला शिकतं. मग वयाप्रमाणे गट, आठखालचे, दहाखालचे, बाराखालचे असे वर वर. यूएसए हॉकी या संस्थेने २००९ च्या सुमारास पद्धत बदलली आणि लहानग्यांना पूर्ण रिंकवर न खेळवता आडव्या छोट्या जागेत खेळवायला सुरुवात केली, म्हणजे प्रत्येकाच्या स्टिकला पक जास्त वेळा लागतो. दुसरं म्हणजे अंगावर जाऊन धडक मारणं, बॉडी चेकिंग, ते २०११ पासून तेरा-चौदाच्या गटापर्यंत पुढे ढकललं. माझ्या मते या दोन बदलांनी लहान चणीच्या मुलांचं फार भलं झालं. अकरा-बारा वर्षांच्या बारक्या मुलाला धडकेची भीती नसली की तो पक जवळ ठेवायला धजावतो, आणि ती सवय पुढे सुटत नाही.

त्याच्या वर मग ट्रिपल ए दर्जाचे क्लब, त्यात शिकागो, डेट्रॉइट, बॉस्टन, मिनेसोटा हे मोठे पट्टे. इथे खर्च खूप होतो हे स्पष्ट सांगतो, बर्फाचं भाडं, स्केट्स, स्टिक्स, हॉटेलं, आणि दर वीकेंडला आईबाप गाडी चालवत दुसऱ्या राज्यात.

प्लिमथचा प्रोग्राम म्हणजे काय?

नॅशनल टीम डेव्हलपमेंट प्रोग्राम. १९९६ मध्ये ॲन आर्बरला सुरू झाला, २०१५ पासून मिशिगनमधल्याच प्लिमथला आहे. देशभरातून सोळा-सतरा वर्षांची निवडक मुलं उचलतात आणि दोन वर्षं एकत्र ठेवतात, पहिल्या वर्षी अंडर-१७ टीम, दुसऱ्या वर्षी अंडर-१८. मुलं तिथल्या स्थानिक कुटुंबांकडे राहतात, शाळा तिथेच, सकाळ-संध्याकाळ सराव आणि वजनं. मॅच कुणाशी, तर यूएसएचएल या ज्युनियर लीगमधल्या टीमशी, कॉलेजच्या टीमशी म्हणजे स्वतःपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या पोरांशी, आणि परदेशात जाऊन. पॅट्रिक केन, ऑस्टन मॅथ्यूज, क्विन ह्यूज, जॅक ह्यूज सगळे इथलेच.

हटसनने इथल्या दुसऱ्या वर्षात ६० मॅचमध्ये ६३ पॉइंट्स केले. डिफेन्समनने मॅचमागे एक पॉइंट करणं ही फार मोठी गोष्ट आहे. त्याच वर्षी जर्मनीत अंडर-१८ ची वर्ल्ड चॅम्पियनशिप झाली, अमेरिकेला सिल्व्हर मिळालं आणि स्पर्धेतला सर्वोत्तम डिफेन्समन हटसन.

ड्राफ्ट म्हणजे आयपीएलच्या लिलावासारखंच ना?

दिसायला तसं, पण आतून वेगळं. इथे बोली लागत नाही, पैसा बोलत नाही. सात फेऱ्या, ३२ क्लब, फेरीमागे प्रत्येकाचा एक नंबर, एकूण २२४ मुलं. आदल्या सीझनला जे तळाला त्यांना आधी संधी, पहिल्या काही नंबरांसाठी लॉटरी काढतात. शिवाय क्लब आपल्या नंबराची दुसऱ्या क्लबशी अदलाबदल करू शकतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ड्राफ्ट झालं म्हणजे नोकरी लागली असं नाही, क्लबला फक्त त्या मुलाशी करार करायचा हक्क मिळतो, मुलगा कॉलेजला जाऊ शकतो आणि तोपर्यंत हक्क क्लबकडे राहतो.

२०२२ चा ड्राफ्ट मॉन्ट्रियलच्या बेल सेंटरमध्येच झाला. पहिल्या दहा नंबरांत चार डिफेन्समन गेले, नेमेच, यिरिचेक, कोर्चिन्स्की आणि मिंट्युकोव्ह. हटसनचं नाव दुसऱ्या दिवशी आलं, ६२ व्या नंबरवर, म्हणजे दुसऱ्या फेरीच्या जवळजवळ शेवटाला, आणि तो नंबरही मॉन्ट्रियलने ब्रेट कुलक हा डिफेन्समन एडमंटनला देऊन मिळवलेला. बहुतेक क्लबांनी त्याच्यावरून एकेकदा तरी नजर फिरवली आणि पुढे गेले, मॉन्ट्रियल स्वतः धरून, कारण त्यांनीही त्याच्या आधी पहिल्या नंबरवर घेतलेल्या स्लाफकॉव्हस्कीपासून बाकीचे नंबर दुसऱ्यांवर वापरले होते. हे कुणाला कमी लेखायला सांगत नाही, पण उंचीचा आकडा डोळ्यांसमोर असला की समोरचा खेळ दिसत नाही याचं यापेक्षा स्पष्ट उदाहरण माझ्याकडे नाही.

मग लगेच एनएचएलमध्ये का नाही गेला?

अठराव्या वर्षी सरळ एनएचएलमध्ये जाणारे दरवर्षी मोजके असतात, डिफेन्समन तर त्याहून कमी, कारण या जागेवरची चूक थेट गोलमध्ये जाते. फॉरवर्ड चुकला तर मागे दोन जण असतात. डिफेन्समन चुकला की मागे फक्त गोली. म्हणून सगळे म्हणतात डिफेन्समनला पिकायला वेळ द्या.

कॉलेजमध्ये त्याने काय केलं?

इथे मी जरा जास्त लिहिणार आहे कारण हे मी डोळ्यांनी बघितलंय. बॉस्टन युनिव्हर्सिटीचं अगॅनिस अरेना कॉमनवेल्थ ॲव्हेन्यूवर आहे, ग्रीन लाइनच्या ट्रेनने उतरलं की समोरच, आणि कॉलेज मॅचला एनएचएलपेक्षा कितीतरी कमी पैशात अगदी काचेजवळ बसता येतं. पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं हा फॉरवर्ड आहे. ब्लू लाइनवर, म्हणजे समोरच्याचा झोन सुरू होतो त्या निळ्या रेषेवर, पक घेऊन आडवा सरकायचा, समोरचा पुढे आला की स्केटची धार बदलून त्याच्या आतून निघायचा, आणि हे एकदा नाही, एकाच शिफ्टमध्ये (बर्फावरच्या एका पाळीत) तीन-तीनदा. शेजारी बसलेले म्हातारे गृहस्थ, बहुतेक कित्येक वर्षांपासून येणारे, दर वेळी नुसते मान हलवायचे.

२०२२-२३ च्या पहिल्या वर्षी ३९ मॅचमध्ये ४८ पॉइंट्स, त्यात १५ गोल. हॉकी ईस्ट या त्यांच्या कॉन्फरन्सची फायनल मेरिमॅकशी होती, मॅच ओव्हरटाइममध्ये गेली आणि जिंकून देणारा गोल हटसनचा, स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडूही तोच. मग फ्रोझन फोर, म्हणजे देशातल्या शेवटच्या चार कॉलेजची स्पर्धा, टॅम्पाला, तिथे मिनेसोटाकडून ६-२ असे हरले. दुसऱ्या वर्षी ३८ मॅचमध्ये ४९ पॉइंट्स, पुन्हा फ्रोझन फोर, या वेळी सेंट पॉलला, आणि डेन्व्हरने ओव्हरटाइममध्ये २-१ ने घालवलं. मधल्या काळात जानेवारी २०२४ मध्ये स्वीडनच्या योटेबोरीला ज्युनियर वर्ल्ड चॅम्पियनशिपची फायनल झाली, यजमान स्वीडनलाच ६-२ ने हरवून अमेरिकेने गोल्ड घेतलं, त्या टीममध्येही तो होता.

एक रुखरुख राहिली ती बीनपॉटची. फेब्रुवारीतल्या पहिल्या दोन सोमवारी बॉस्टनची चार कॉलेजं टीडी गार्डनवर भिडतात, सगळं शहर त्यात असतं, आणि २०२४ ची फायनल नॉर्थईस्टर्नने ओव्हरटाइममध्ये ४-३ ने नेली. हटसनला बीनपॉट मिळालाच नाही.

पहिलं वर्ष एवढं भारी गेलं तर दुसऱ्या वर्षी कॉलेजला परत का?

माझ्या मते हा त्याच्या आतापर्यंतच्या करिअरमधला सगळ्यात चांगला निर्णय. कॉलेज हॉकीत मॅच कमी असतात, बहुतेक शुक्रवार-शनिवारी, म्हणजे आठवड्याचे मधले दिवस सराव आणि जिमला मिळतात. एनएचएलमध्ये ८२ मॅचच्या रगाड्यात अंग बनवायला वेळच नसतो. लहान चणीच्या मुलाला जी दोन वर्षं लागतात ती इथे मिळतात, आणि पक घेऊन प्रयोग करायची, चुकायची मोकळीकही मिळते. बीयूचे, म्हणजे बॉस्टन युनिव्हर्सिटीचे, कोच जे पँडॉल्फो हे स्वतः बीयूचेच आणि नंतर एनएचएलमध्ये बचावासाठी नावाजलेले फॉरवर्ड, त्यांच्या हाताखाली बिनपकचा खेळ शिकायला मिळाला.

कॅनडाचा ज्युनियर लीगचा रस्ता ऐकला होता, तो काय?

कॅनडात ओएचएल, डब्ल्यूएचएल आणि क्यूएमजेएचएल अशा तीन मोठ्या ज्युनियर लीग आहेत, सोळा ते वीस वर्षांची मुलं खेळतात, मॅच भरपूर, प्रवास भरपूर, अमेरिकेतलेही काही क्लब त्यात आहेत. आधी अडचण अशी की तिथे एकदा खेळलं की अमेरिकन कॉलेजचा दरवाजा बंद, कारण मुलांना मिळणाऱ्या भत्त्यामुळे एनसीएए, म्हणजे अमेरिकन कॉलेज खेळांची संस्था, त्यांना प्रोफेशनल धरायची. म्हणजे पंधरा-सोळाव्या वर्षीच आयुष्याचा फाटा निवडायचा. नोव्हेंबर २०२४ मध्ये एनसीएएने नियम बदलला आणि २०२५ च्या ऑगस्टपासून त्या लीगमधली मुलंही कॉलेजला येऊ शकतात. चांगलंच झालं, फक्त आता कॉलेज टीममधल्या जागांसाठी अमेरिकन मुलांना जास्त झगडावं लागणार, आणि हटसनच्या वेळचा रस्ता आजच्या चौदा वर्षांच्या पोराला जसाच्या तसा लागू होणार नाही.

एएचएलमध्ये खेळला का?

नाही, एकही मॅच नाही. एएचएल म्हणजे एनएचएलच्या खालची लीग, प्रत्येक क्लबची तिथे जोडलेली टीम असते, मॉन्ट्रियलची लावाल रॉकेट. बहुतेक तरुण डिफेन्समन तिथे एक-दोन वर्षं घालवतात आणि त्यात काहीही कमीपणा नाही. हटसनची कॉलेजची शेवटची मॅच ११ एप्रिल २०२४ ला झाली आणि १५ एप्रिलला तो डेट्रॉइटमध्ये एनएचएलची पहिली मॅच खेळत होता. चार दिवस! त्या सीझनच्या उरलेल्या दोन मॅचमध्ये दोन असिस्ट.

पहिल्या सीझनमध्ये विशेष काय झालं?

सुरुवातीला लोक म्हणत होते गोल कुठाय, कारण पहिला गोल यायला डिसेंबर उजाडला. पण असिस्ट येतच होते. शेवटी ६० झाले, आणि नवख्या डिफेन्समनच्या सर्वाधिक असिस्टचा लॅरी मर्फीचा १९८०-८१ पासूनचा विक्रम त्याने गाठला. मॉन्ट्रियलच्या नवख्या डिफेन्समनचा पॉइंट्सचा विक्रम ख्रिस चेलिओसचा होता, १९८४-८५ मधले ६४, तो मोडला. सरासरी २२ मिनिटांहून जास्त खेळवलं त्याला, ६० मिनिटांच्या मॅचमध्ये. काल्डरसाठी शेवटच्या तिघांत कॅलगरीचा गोली डस्टिन वुल्फ आणि सॅन होजेचा मॅकलिन सेलेब्रिनी होते, आणि सेलेब्रिनी म्हणजे आदल्या वर्षी बीयूत याच्याच ड्रेसिंग रूममधला! मॉन्ट्रियलच्या खेळाडूला काल्डर मिळाली ती केन ड्रायडननंतर थेट आता, १९७२ नंतर. प्लेऑफमध्ये वॉशिंग्टनकडून पाच मॅचमध्ये हरले, त्यातही याचे पाच असिस्ट.

यात कोचचा हात किती?

बराच, असं मला वाटतं. मॉन्ट्रियलचे कोच मार्टिन सेंट लुई स्वतः पाच फूट आठ इंच, कुणी ड्राफ्टच केलं नव्हतं, व्हरमाँटला कॉलेज खेळले, आणि नंतर २००४ मध्ये टॅम्पाबरोबर स्टॅनली कप (एनएचएलचं विजेतेपद), दोनदा लीगमध्ये सर्वाधिक पॉइंट्स, २०१८ मध्ये हॉल ऑफ फेम. अशा माणसाला ‘तू लहान आहेस’ हे वाक्य माहीत असतं. दुसऱ्या कोचने ब्लू लाइनवरच्या त्या हुलकावण्या बंद करायला लावल्या असत्या, कारण एखादी फसली की समोरचा एकटा गोलीवर जातो. सेंट लुईंनी खेळू दिलं.

पैसे किती मिळतात?

पहिला करार सगळ्या नवख्यांना ठरलेल्या मर्यादेतच असतो, तरुणांना तीन वर्षांचा, त्यामुळे काल्डर जिंकतानाही त्याचा मूळ पगार दहा लाख डॉलरच्या आत होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये आठ वर्षांचा नवा करार झाला, वर्षाला सरासरी ८८.५ लाख डॉलर, एकूण ७ कोटी ८ लाख. तो २०२६-२७ पासून लागू होतो. बऱ्याच जणांना वाटलेलं त्यापेक्षा कमीच घेतले त्याने, टीमला बाकी खेळाडू ठेवता यावेत म्हणून ते बरंच.

बचावात कच्चा आहे असं म्हणतात, खरं का?

थोडं खरं. गोलसमोर मोठा फॉरवर्ड उभा राहिला की त्याला हलवणं हटसनला जमत नाही, जमणारही नाही. पण तो अंतर लवकर कमी करतो, स्टिक मध्ये घालतो, आणि पक आपल्याकडेच ठेवला तर समोरच्याला हल्ला करायलाच मिळत नाही, तोही बचावच आहे. जोडीदार मात्र मागे थांबणारा हवा.

अमेरिकेच्या ऑलिम्पिक टीममध्ये का नव्हता?

२०२६ च्या मिलानच्या टीमसाठी त्याला घेतलं नाही. अमेरिकेकडे आत्ता डिफेन्समनची रांग आहे, क्विन ह्यूज, वेरेन्स्की, मॅकअव्हॉय, स्लेव्हिन, आणि निवडणाऱ्यांना बचावाला भक्कम माणसं जास्त हवी होती. मला पटलं नाही. पॉवर प्लेवर, म्हणजे समोरचा एक जण शिक्षेवर बाहेर असताना, असा माणूस एका पासने मॅच फिरवतो.

भाऊही खेळतात ना?

चौघे भाऊ, सगळे हॉकीत. मोठा क्विन बीयूतच त्याच्याबरोबर खेळला आणि नंतर एडमंटनशी करार केला, धाकटा कोल हाही डिफेन्समन, हाही लहान चणीचा, २०२४ ला वॉशिंग्टनने ४३ व्या नंबरवर घेतला. म्हणजे लेनपेक्षा १९ नंबर आधी, आणि मला वाटतं ती लेनचीच कमाई.

भारतीय वंशाचं कुणी आहे का एनएचएलमध्ये?

आहेत, पण बहुतेक कॅनडातल्या पंजाबी घरांतले. रॉबिन बावा १९८९ मध्ये पहिला, नंतर मॅनी मल्होत्रा, जुझार खैरा, अर्शदीप बैन्स. मराठी नाव अजून नाही. इकडे शिकागो, डेट्रॉइट, बॉस्टनच्या मराठी घरांतली पोरं रिंकवर जायला लागलीत, मला सकाळी सहाच्या सरावाला दिसतात, आई थर्मासमधला चहा पीत काचेपलीकडे बसलेली असते.

मला काहीच कळत नाही, बघायला सुरुवात कशी करू?

मॉन्ट्रियलची एक मॅच लावा आणि पकच्या मागे डोळे पळवू नका, फक्त ४८ नंबर बघा. तो पक घ्यायला आपल्याच कोपऱ्यात जातो तेव्हा पोचायच्या आधी दोनदा-तीनदा मान मागे वळवतो. मागे कोण येतंय, कुठल्या खांद्याकडून येतंय, हे त्याने तेव्हाच बघून घेतलेलं असतं. ती मान दिसायला लागली की बाकीचं आपोआप दिसेल.